पाचांतले तिघे

"एवढं एक पान काढून टाक. बाकी कशालाही हात लावू नकोस," रणधीर म्हणाला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

शुक्रवारची दुपार होती. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या त्याच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. रविवारी अकरा वाजता एका हॉलमध्ये आमचं ॲप लोकांपुढे यायचं होतं. बिटकॉइनसारखं चलन आपल्याच फोनमध्ये सुरक्षित ठेवता यावं, तेही मराठीत आणि फुकट, म्हणून दोन वर्षं खपून आम्ही ते बनवलं होतं. गटाचं नाव 'कडी', म्हणून ॲपचंही नाव कडी. कोड चार-पाच जणांनी मिळून लिहिला होता, पण त्यातली किल्ली, म्हणजे पैशाचं कुलूप उघडणारा गुप्त आकडा, सांभाळायची पद्धत आणि सोबतची माहितीपुस्तिका माझी होती. रणधीर शिरोळे आमचा पुढारी. माणसं जोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला चार लोकांसमोर बोलायला शिकवलं तेही त्यानेच.

स्क्रीनवर पुस्तिकेतलं शेवटून दुसरं पान होतं. मथळा होता, 'हे गणित कुणाचं?' खाली दहा नावं आणि प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी. कुणी काय शोधलं, कुठल्या साली.

"का काढायचं?" मी विचारलं.

"हर्षलच्या चॅनलवर कालपासून गोंधळ चाललाय. बघ."

हर्षल सोनटक्केच्या चॅनलला दीड लाख लोक होते. कडीचा गाजावाजा त्याच्याच जोरावर झाला होता. रणधीरने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. माझ्याच पानाचा फोटो होता. शमीर, ॲडलमन, गोल्डवासर, ब्लम या नावांभोवती कुणीतरी लाल गोल काढले होते आणि वर लिहिलं होतं, 'कडीमध्ये यहुदी कुठून घुसले?' त्याखाली एक चित्र. लांब बाकदार नाकाचा, हात चोळणारा, दात काढून हसणारा माणूस आणि पायाशी नाण्यांचा ढीग. चित्रावर मराठीत ओळ होती, 'पैसा तुमचा, किल्ली यांची.'

तेच चित्र सकाळी आमच्या कडीच्या ग्रुपवरही आलं होतं. साडेचार हजार लोकांच्या ग्रुपवर.

"हे आपल्याकडे कुणी टाकलं?"

"कुणीतरी फॉरवर्ड केलंय. हर्षलचाच असेल कुणी. आता त्याच्यावर वाद नको. रविवारी अर्धा हॉल त्याच्या माणसांनी भरणार आहे. पान काढलं की विषय मिटला."

"किल्ली सांभाळायच्या पद्धतीचं नावच शमीर आहे, रणधीर. तिला मी काय म्हणू?"

"पाच तुकड्यांची पद्धत म्हण. लोकांना तेच नीट कळतं. गणिताला कशाला हवीत माणसांची नावं?"

"आणि ते चित्र?"

"अगं, जोक आहे तो. फालतू आहे, मान्य. पण यात दुखावणार कोण आहे? आपल्या ग्रुपमध्ये ज्यू कुठून येणार?"

मी लॅपटॉप बंद केला. "बघते," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

मी ज्यू आहे. बेने इस्राएल. आमचं मूळ गाव अलिबागजवळचं पेझारी, म्हणून आडनाव पेझारकर. शेकडो वर्षं कोकणात काढलेली माणसं आम्ही. घरात मराठी बोलतो, शनिवार विसाव्याचा म्हणून पाळतो, निदान माझे आईवडील तरी पाळतात. पेझारकर ऐकून लोक मला कोकणातली हिंदू समजत आणि अबिगेल हे नाव ऐकून ख्रिश्चन. "ख्रिश्चन का?" असं कुणी विचारलं की मी मान हलवायची. ती होकारार्थी आहे की नुसतीच, हे ज्याने त्याने ठरवावं. कडीतही तसंच चाललं होतं. लाज वाटायची म्हणून नव्हे. समजावत बसायचा कंटाळा, असं मी स्वतःला सांगत आले होते.

रस्त्यावर येऊन मी ठाण्याला पप्पांना फोन लावला. पप्पा सैन्यात सिग्नलमध्ये होते. तीस वर्षं त्यांनी संदेश सांकेतिक भाषेत घालण्याचं आणि त्यातून काढण्याचं काम केलं. मला या गणिताची गोडी त्यांच्यामुळेच लागली. मी त्यांना चित्राबद्दल सांगितलं.

"तीस वर्षं वर्दीत होतो," ते म्हणाले. "ज्यू म्हणजे पारशी का, असं शंभर जणांनी विचारलं असेल. पण असं कधी कुणी बोललं नाही. हे आलं कुठून?"

"बाहेरून आलंय, पप्पा. परदेशातल्या ग्रुपांवर हे रोजचं आहे. बँका ज्यूंच्या, सरकारं ज्यूंची, म्हणून म्हणे आपलं चलन वेगळं हवं. कुणीतरी तेच उचलून मराठीत केलंय."

पप्पा म्हणाले, "चित्र बाहेरचं असेल. मराठी तर घरचीच आहे ना?"

मी फोन ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या ॲपची नवी आवृत्ती बाहेर पडायची तर तिच्यावर एका गुप्त किल्लीने सही करावी लागे. त्या सहीशिवाय ते कुणाच्याही फोनमध्ये उतरत नसे. ती किल्ली एकाच्या हातात नसावी, हा आग्रह माझा होता. म्हणून शमीर पद्धतीने तिचे पाच भाग केले होते आणि एकेका कागदावर लिहून पाच जणांना दिले होते. पाचांतले कोणतेही तीन कागद एकत्र आले की किल्ली तयार. दोनच असतील तर त्यांतून काहीही हाती लागत नाही. एक कागद रणधीरकडे, एक हर्षलकडे, एक माझ्याकडे, चौथा साताऱ्याच्या घाटगे बाईंकडे आणि पाचवा मालेगावच्या मुदस्सर मोमीनकडे.

रणधीर आणि हर्षल पान काढायच्या बाजूचे. आणखी एक जण त्यांना मिळाला की माझ्या होकाराची गरजच नव्हती. कोडमधलं एक पान उडवायला कुणालाही पाच मिनिटं पुरली असती.

इंदुमती घाटगे बाई गणिताच्या निवृत्त प्राध्यापक. वय बहात्तर. माझ्या कोडमधल्या दोन गंभीर चुका त्यांनी कागद-पेन्सिलीने पकडल्या होत्या. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अगं, जन्मभर मी पोरांचे मार्क कापले, पायरी सोडली म्हणून," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर असलं तरी कापले. कुठून काय आलं ते लिहायचं, यालाच गणित म्हणतात. माझा कागद त्यांना मिळणार नाही."

"बाई, हर्षल खूप गळ घालेल."

"घालू दे. मुदस्सरशी तू बोललीस का?"

नव्हते बोलले. तोच फोन मी टाळत होते. फोनवर जमेल असं वाटेना, म्हणून शनिवारी सकाळी एसटी पकडून मालेगावला गेले.

मुदस्सरभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, पण स्वच्छ. काउंटरवर बारीक स्क्रू एका पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेले. फोनमध्ये किल्ली कुठे आणि कशी साठवायची हे आमच्यापैकी कुणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. चाळिशीचा शांत माणूस. त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं, चहा सांगितला.

"हर्षलभाऊंचा फोन येऊन गेला," ते स्वतःच म्हणाले. "म्हणाले, मुदस्सरभाई, तुमचा तर प्रश्नच नाही. तुम्ही आमच्याच बाजूचे असणार."

"तुम्ही काय म्हणालात?"

"ऐकून घेतलं." ते फोन उघडायच्या कामाला लागले. "टीव्हीवर तिकडचं जे दिसतं ना मॅडम, त्याचा मला राग येतो. लपवत नाही. पण तो राग इस्राएलच्या सरकारवर आहे. गणितावर कशाला असेल?"

मी म्हणाले, "मुदस्सरभाई, मी ज्यू आहे."

कडीत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर कापडावर ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आमच्या मालेगावात ज्यू माणूस मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "आणि तो कोकणातला निघाला."

मला हसू आलं. तेही थोडे हसले. चहा आला. मला वाटलं, झालं, आता अवघड असं काही उरलं नाही. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "एक विचारू? गेल्या रमजानात ग्रुपवर आमच्याबद्दल एक पोस्ट आली होती. आठवते?"

आठवत होती. 'यांच्या दुकानात फोन दुरुस्तीला देऊ नका. आत काहीतरी घालून देतात. ही माणसं कशी आहेत ते माहीतच आहे.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

"तुम्ही ॲडमिन होतात."

"हो."

"तुम्ही लिहिलंत, विषय क्रिप्टोपुरता ठेवा. आणि ग्रुप दोन तास बंद केलात. दोन तासांनी उघडलात. पोस्ट तिथेच होती. आजही आहे. उडवायला एक बोट पुरलं असतं, मॅडम. तो महिनाभर माझ्या दुकानात किती माणसं आली, विचारू नका. आमच्या गल्लीतली आली, ती ओळखीची होती म्हणून."

दुकानाबाहेरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"मला भीती वाटली," मी म्हणाले. "तुमच्या बाजूने बोलले तर लोक विचारतील, ही कोण लागते यांची? मग माझं नाव, माझं घर, सगळं निघेल."

"म्हणजे तुम्ही मागे लपलात. पुढे मी होतो."

"हो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"इथे नको. इथे आपण दोघंच आहोत. ती पोस्ट साडेचार हजार लोकांनी वाचली." त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. "उद्या नऊला मी नाशिकला येतो. कागद घेऊन येतो. कुणाच्या हातात देईन ते आज सांगत नाही."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ग्रुपवर मागे मागे जात राहिले. ती पोस्ट सापडली. दोनशे चौदा जणांना ती आवडली होती. मी ती उडवली. एकच बोट लागलं. नाकवाल्या माणसाचं चित्र मात्र तसंच राहू दिलं. रविवारी ते सगळ्यांनी एकत्र बसून बघावं अशी माझी इच्छा होती.

रविवारी नऊ वाजता रणधीरच्या ऑफिसात पाचही जण जमलो. हर्षल गरम कचोऱ्या घेऊन आला होता. तो तसा हसतमुख, सगळ्यांची चौकशी करणारा माणूस. घाटगे बाईंना त्याने खुर्ची दिली, गुडघा कसा आहे विचारलं. मी ते चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

"हे कशाला?" हर्षल म्हणाला.

"यावरून आपण पान काढतो आहोत. म्हटलं, सगळ्यांनी नीट बघून घ्यावं."

"अगं, मी काय कुणाला मारलंय? मी तर हे बनवलंही नाही. लोकांच्या मनात एक शंका आहे. आपल्याला लोक हवेत. चार परकी नावं काढल्याने कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," मी म्हणाले. "मी ज्यू आहे. माझं पूर्ण नाव अबिगेल सॅमसन पेझारकर."

रणधीर म्हणाला, "अबी, तू आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर?"

"तर ते चित्र ग्रुपवर राहूच दिलं नसतं."

"म्हणजे मी नसते तर ते चाललं असतं."

रणधीरने मान खाली घातली. हर्षल मात्र सावरला होता.

"मग आता कळलं ना सगळ्यांना," तो मवाळ आवाजात म्हणाला. "ज्यू बाईने ज्यूंची नावं घातली. लोक म्हणत होते ते काय वेगळं होतं?"

"मी साताऱ्याची घाटगे," बाई म्हणाल्या. "ती दहाही नावं मी तपासली आहेत. मूळ निबंध काढून, सालं पडताळून. त्यात एक जण इटलीत जन्मलेला आहे. त्याच्याबद्दल तुमच्या लोकांची काही शंका आहे का?"

हर्षल मुदस्सरभाईंकडे वळला. "मुदस्सरभाई, तुम्ही बोला. तुम्हाला तर माहीत आहे ही माणसं कशी आहेत."

मुदस्सरभाई उठले. शर्टाच्या आतल्या खिशातून आपल्या कागदाचं पाकीट काढलं आणि ते हातात धरूनच बोलले.

"हर्षलभाऊ, हेच वाक्य माझ्याबद्दल आपल्या ग्रुपवर मी वाचलंय. ही माणसं कशी आहेत. शब्दही हेच होते." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "मी फोन दुरुस्त करतो. पार्ट कुठल्या कंपनीचा ते बिलावर लिहून देतो. गिऱ्हाइकाला ती कंपनी आवडो, न आवडो. पार्टवरचं नाव खरवडून विकणारेही आमच्या बाजारात आहेत. मी त्यांतला नाही."

त्यांनी पाकीट माझ्या लॅपटॉपपाशी ठेवलं. "पान ठेवून सही करा."

मग माझ्याकडे बघत म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाही केलं, मॅडम. तुमचं-माझं बोलणं अजून व्हायचंय."

"व्हायचंय," मी म्हणाले.

बाईंनी पर्समधून त्यांचा कागद काढला. मी माझा काढला. इंटरनेट तोडलेल्या लॅपटॉपवर मी तिन्ही कागदांवरचे आकडे एकामागून एक भरले. बाई शेजारी बसून प्रत्येक ओळ दोनदा वाचत होत्या. रणधीर बराच वेळ उभा होता. मग तोही जवळ आला आणि स्वतःचं पाकीट त्याने पुढे केलं.

"माझाही घे."

"तीन पुरतात," मी म्हणाले. "तू हॉलवर जा. खुर्च्या बघ."

हर्षल कधी गेला ते कळलं नाही. सहीचं काम दहा वाजायच्या आत आटोपलं. पानावर दहा नावं जशीच्या तशी होती आणि पद्धतीचं नाव शमीरच होतं. हॉलकडे जाताना हर्षलच्या चॅनलवर घोषणा झालेली दिसली. कडीशी आपला संबंध संपला, कडी कुणाच्या हातात गेली आहे ते आता उघड आहे, वगैरे. तासाभरात ग्रुपमधून सतराशे लोक निघून गेले.

तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये एकशे तीस माणसं आली. ती पहिल्या ओळींत न बसता सगळीकडे विखुरली होती, त्यामुळे हॉल आणखीच रिकामा वाटत होता. मुदस्सरभाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले होते. माइक हातात घेतला तेव्हा मला मुळीच भीती वाटली नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

मी माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. आम्ही कोण, कुठले, हे चार वाक्यांत सांगितलं. किल्लीचे पाच भाग कसे होतात ते सोप्या भाषेत समजावलं आणि ते कुणी शोधलं तेही सांगितलं. गोल्डवासर ही बाई आहे म्हटल्यावर पुढच्या दोन मुलींनी वहीत नाव उतरवून घेतलं. मग मी ॲप बाजूला ठेवलं.

"गेल्या रमजानात आपल्या ग्रुपवर एक पोस्ट आली होती," मी म्हणाले. "मुसलमान माणसाच्या दुकानात फोन दुरुस्तीला देऊ नका, अशी. ती खोटी होती. मी ॲडमिन होते. मी ती उडवली नाही. उडवली असती तर माझ्याकडे बोट दाखवलं जाईल, या भीतीने मी गप्प बसले. त्यामुळे आपल्यातल्याच एका माणसाचा महिनाभर धंदा बुडाला. ज्याच्याशिवाय हे ॲप झालंच नसतं, अशा माणसाचा. मुदस्सर मोमीन, मी तुमची माफी मागते. सगळ्यांसमोर मागते, कारण ती पोस्ट सगळ्यांनी वाचली होती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. माणसं मान वळवून शेवटच्या रांगेकडे बघू लागली. मुदस्सरभाई जागेवरून हलले नाहीत. त्यांनी फक्त एकदा डोळे मिटून उघडले.

कार्यक्रम संपला, लोक ॲप उतरवून घेत होते. शंका विचारणाऱ्यांची रांग लागली. रणधीर एका आजोबांना पासवर्ड कसा ठेवायचा ते सांगत होता. गर्दी ओसरल्यावर मुदस्सरभाई माझ्यापाशी आले.

"ग्रुपला ॲडमिन किती आहेत?"

"तीन होते. हर्षल गेला. आता मी आणि रणधीर."

"मला करा."

मी तिथेच, त्यांच्यासमोर, त्यांना ॲडमिन केलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ग्रुप उघडून वर सरकवत राहिले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. शुक्रवारचं ते चित्र आलं तिथे ते थांबले. काही क्षण त्यांनी ते शांतपणे पाहिलं आणि उडवलं.

मग दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश, एकेक अक्षर बघत त्यांनी खाली लिहिलं, 'इथे एका समाजाची बदनामी करणारं चित्र होतं. मी काढलं. मुदस्सर मोमीन, मालेगाव.'